एवढंच पांढरं

फेब्रुवारीत द्राक्षवेलींची छाटणी झाली
की मी बांधावरच्या काड्या वेचून आणते,
बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठासून भरते,
झाकण तारेनं आवळून
डबा लोखंडी शेगडीच्या पोटात ढकलते.
सकाळी उघडावं तर काड्या तशाच्या तशा,
गाठी, डोळे, वळणं, सगळं शाबूत.
फक्त काळ्या झालेल्या, वजन हरवलेल्या,
एकमेकींवर पडल्या तर किणकिणणाऱ्या.

त्याच काड्यांनी मी मकवालाला काढायला बसले.
वय चौऱ्याऐंशी. तेलावीच्या टपालखात्यातून निवृत्त.
तासाला वीस लारी, आणि एक अट :
हनुवटीवरचे केस दिसता कामा नयेत.
बरं म्हटलं,
आणि तिचा चष्मा पिशवीत आहे हे बघून
तीन केस काढून घेतले.

कागद वाणसामान बांधायचा, मातकट.
तीच तिची कातडी. तिला फार छेडायचं नाही.
काळ्यानं खोली, पांढऱ्यानं उजेड,
मधलं सगळं कागदावर सोपवून द्यायचं :
शाळेत मुलांना मी हे वर्षानुवर्षं सांगते
आणि स्वतः दर वेळी विसरते.

बोलू नका म्हटलं तर ती मान डोलावते,
मान डोलावली की कान सरकतो.
कुणाच्या घरी कुठून पत्रं यायची,
कुणाची यायची थांबली,
कुणी दारातच फाडून वाचायचं
आणि कुणी पाकीट नुसतं हुंगून आत न्यायचं,
सगळी आळी तिला अक्षरांवरून पाठ.
गालाच्या हाडापाशी मी तिसऱ्यांदा चुकले.

पावाचा मऊ गाभा मळून घेतला, पुसायला.
ती एकदम थांबली.
"अन्नानं पुसतेस?"
पुढे काही बोलली नाही.
जे बोलली नाही ते कपाळावर आलं :
दोन आडव्या रेघा,
तासाभरात मला दिसल्याच नव्हत्या.
मी त्या उचलल्या. दुसऱ्याच्या परड्यातली फुलं तोडावीत तशा, घाईघाईत.
तिनं टेबलावरचा काळा झालेला चुरा
तळहातानं ओढून गोळा केला,
कोटाच्या खिशात टाकला.
कोंबड्यांना, म्हणाली.

पांढरा खडू मी जवळजवळ वापरलाच नव्हता.
नाकाच्या शेंड्यावर थोडा, रुमालाच्या घडीवर थोडा.
सगळ्यात पांढरं एकदाच लावावं.
ते मी डाव्या डोळ्यासाठी राखून ठेवलं होतं,
जिथे खिडकी उतरली होती,
अलझानीचं खोरं आणि पलीकडचा बर्फ,
सगळं मोहरीएवढं.

तेवढ्यात ती उठली. चष्मा घातला.
जवळ गेली, मागे आली.
"ही कोण?"
"तुम्ही."
"ही दारेजान आहे. माझी सासू."
हसली नाही.
"असेच ओठ आवळून एकोणीस वर्षं बघत होती माझ्याकडे.
ना रक्ताची ना नात्यातली, परक्या गावची बाई.
एका शेगडीपुढे बसून बसून
तोंडं एक होतात की काय?"
सासूचे दिवस केव्हाच सरले होते,
सुनेचेही आता हाताच्या बोटांवर.
हनुवटीकडे तिचं लक्षच नव्हतं.

"डूल मला द्यायचे कबूल केले होते हिनं.
भर मांडवात, सगळ्यांसमोर.
मग धाकटीला दिले."
माझ्या हातातला खडू तिनं काढून घेतला,
वाकली,
आणि चित्रातल्या कानाच्या पाळीखाली
असा दाबून टेकवला की खडूचे दोन तुकडे झाले.
टपालाचा शिक्का मारावा तसं
एक टिंब.

खिडकी त्या टिंबापुढे विझून गेली.
डोळ्यात काही घालायचं राहिलं, राहू दिलं.

पैसे तिनं दोनदा मोजून घेतले,
एक नोट फाटकी निघाली ती बदलून मागितली.
कोट चढवला. दारात गेल्यावर
सहज, थंडी किती आहे ते बघावं तसा,
रिकाम्या पाळीला हात लावला.